नाशिकमध्ये एमएस सर्जरी करायची तर रुग्णालय कसं पारखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंटर्नशिप संपली, नीट पीजीच्या गुणांवर एमएसला (एमबीबीएसनंतरची तीन वर्षांची शस्त्रक्रियेची पदवी) जनरल सर्जरी मिळेल असं दिसतंय, घर निफाडला आहे आणि आई-वडिलांमुळे जिल्ह्याबाहेर जायचं नाही. समोर आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, इगतपुरी तालुक्यातलं धामणगावचं एसएमबीटी, शहरातलं शासकीय रुग्णालय आणि एखाद्या खासगी रुग्णालयातली डीएनबी (रुग्णालयात काम करून मिळवायची पदव्युत्तर पात्रता) असे पर्याय आहेत. यातलं कुठे हात बसेल आणि कॉलेजच्या नावाचा पुढे किती उपयोग होतो, हे तुम्हाला हवं आहे.

अमुक पहिलं, तमुक दुसरं अशी यादी देत नाही, कारण ती दिली तरी तुमच्या कामाची नाही. एकाच इमारतीत, एकाच विभागात दोन युनिटांमध्ये (एकेका प्रमुखाच्या हाताखालच्या तुकड्यांमध्ये) जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका युनिटचा जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे एमएस करणारा डॉक्टर; पहिल्या वर्षाचा जेआर-वन, दुसऱ्याचा जेआर-टू) बाहेर पडताना आतड्याची जोडणी आत्मविश्वासाने करतो, शेजारच्या युनिटचा साध्या हर्नियावर चाचपडत असतो. डिग्री दोघांची तीच. युनिटप्रमुख बदलला की दोन वर्षांत चित्र पालटतं. शिवाय जागांची संख्या दर वर्षी बदलते, ती त्या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्येच (जागांच्या अधिकृत तक्त्यातच) पाहायची. म्हणून पारखायचं कसं ते सांगतो. दोन दिवस खर्च केलेत तर हे तुमचं तुम्हाला कळेल.

नावाचं आधी सांगून टाकतो. पुढे एमसीएच (सर्जरीतली सुपरस्पेशालिटीची पदवी) करायचं असेल तर त्याच्या प्रवेश परीक्षेचा, नीट एसएसचा, रँक चालतो, एमएस कुठून केलं हे तिथे कुणी विचारत नाही. नाशिकच्या खासगी रुग्णालयात काम हवं असेल तर तुमच्या सरांचा एक फोन आणि पहिल्या महिन्यात ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तुम्ही काय करून दाखवता, एवढंच पाहिलं जातं. शिकवण्याच्या नोकरीसाठी डिग्री मान्यताप्राप्त असणं महत्त्वाचं, तिची प्रसिद्धी नव्हे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय म्हसरूळला आहे म्हणून नाशिकच्या कॉलेजांना काही वेगळा फायदा होतो, असाही समज ऐकू येतो. विद्यापीठ राज्यभरातल्या संलग्न कॉलेजांची परीक्षा एकाच पद्धतीने घेतं. कार्यालय जवळ असल्याने फार तर कागदपत्रांची एखादी फेरी वाचेल.

आता मूळ मुद्दा. सर्जरी शिकायला तीन गोष्टी एका टेबलाभोवती एकत्र याव्या लागतात: रुग्ण, त्याच्यावर काम करण्याची तुम्हाला मिळालेली मुभा, आणि समोरच्या बाजूला वॉश होऊन (हात धुऊन, गाऊन-ग्लोव्ह्ज घालून) उभा असलेला अनुभवी सर्जन. रुग्ण भरपूर आणि सर्जन गैरहजर असेल तर हात चालतो पण चुकीचा चालायला शिकतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. सर्जन उत्तम आणि मुभा नसेल तर तीन वर्षं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरण्यात जातात. रुग्णच नसतील तर बाकी दोन्ही असून उपयोग नाही. कुठल्याही रुग्णालयाबद्दल काहीही ऐकलंत की या तिन्हींपैकी ते कशाबद्दल आहे, हे आधी ठरवा.

कॉलेजला संलग्न रुग्णालय म्हणजे सगळीकडे एकच रचना नसते. ट्रस्टच्या खासगी कॉलेजचं रुग्णालय त्याच संस्थेच्या मालकीचं असतं. अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक, सिस्टर, मामा-मावशी सगळे एकाच व्यवस्थापनाखाली. निर्णय लवकर होतात, यंत्र बिघडलं तर लवकर दुरुस्त होतं. पण रुग्ण खेचून आणावा लागतो, आणि पैसे भरणारा रुग्ण आला तर त्याच्यावर शस्त्रक्रिया कोण करणार हे वेगळ्या हिशेबाने ठरतं.

दुसरी रचना शासकीय. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात नाशिकचंही आहे. नव्या शासकीय कॉलेजांची पद्धत अशी असते, की चालू जिल्हा रुग्णालय हाताशी घेऊन त्यावर कॉलेज उभं करायचं. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. सुरुवातीची काही वर्षं एकाच वॉर्डात दोन विभागांची माणसं काम करतात. सिव्हिल सर्जनच्या हाताखालचे जुने वैद्यकीय अधिकारी आणि अधिष्ठात्यांच्या हाताखालचे नवे प्राध्यापक, ओटी टेबलं मात्र तेवढीच. टेबल कुणाला कुठल्या वारी, रात्रीची भूल कोण देणार, सिस्टर कुणाचं ऐकणार, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्या घासाघाशीत रेसिडेंट भरडला जातो. अशा ठिकाणी रुग्णांची ददात नसते. विचारायचं ते एवढंच, की सर्जरी विभागाचं स्वतःचं ओटी वेळापत्रक लागू झालं आहे का, आणि गेल्या महिन्यात ते खरंच पाळलं गेलं का. नव्या ठिकाणी आणखी एक गोष्ट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा: तुमच्या विषयाच्या जागा नुसत्या परवानगीच्या आहेत की पदवीला मान्यता मिळाली आहे. पहिली तुकडी परीक्षेला बसते तेव्हाच्या तपासणीनंतर मान्यतेचं काम होतं. ते रेंगाळलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जादा पात्रतेची नोंद अडकते.

खाटांच्या आकड्याने दिपून जाऊ नका. आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे एमबीबीएसच्या १०० जागांना ४२०, १५० जागांना ६०५ खाटा लागतात. म्हणजे मोठं कॉलेज म्हटलं की खाटा मोठ्या असणारच. त्या भरलेल्या किती, आणि भरलेल्यांपैकी खरे सर्जरीचे रुग्ण किती, हे पाहायला हवं. हिशेब सोपा आहे. समजा युनिटला ३० खाटा आहेत, त्यातल्या २४ रोज भरलेल्या असतात आणि रुग्ण सरासरी ५ दिवस राहतो. महिन्याला ७२० खाट-दिवस झाले, म्हणजे १४४ भरती. त्यातल्या साठ टक्क्यांवर काही ना काही शस्त्रक्रिया झाली तर साधारण ८६. युनिटमध्ये प्रत्येक वर्षाचे दोन असे सहा रेसिडेंट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला चौदा. त्यातल्या निम्म्या वरिष्ठांच्या धरल्या तरी सात उरतात, आणि तीन वर्षांत तो आकडा चांगलाच होतो. आता याच युनिटमध्ये १२ खाटा भरलेल्या आणि रेसिडेंट नऊ असं धरून हिशेब करा, फरक लगेच दिसेल. जागा वाढल्या की कॉलेज खूश होतं, पण खाटा न वाढता रेसिडेंट वाढले तर प्रत्येकाचा वाटा आटतो. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत जागा वाढल्या का, हे जरूर विचारा.

रुग्ण कोणत्या वाटेने येतो यावरही तुमचा हात अवलंबून असतो. खासगी कॉलेजच्या रुग्णालयात रेसिडेंटला शिकायला मिळणारं काम बहुतांशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि मोफत किंवा सवलतीच्या खाटांवरून येतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. योजनेचं काम जोरात असेल तर ओटी लिस्ट भरते. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे कागद. प्री-ऑथसाठी (शस्त्रक्रियेच्या आगाऊ मंजुरीसाठी) रिपोर्ट अपलोड करणं, शस्त्रक्रियेआधीचे-नंतरचे फोटो, क्वेरी आली की उत्तर, क्लेमसाठी डिस्चार्जचे कागद. आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) असतो, पण डॉक्टरच्या सहीचं आणि माहितीचं काम जेआर-वनवर येऊन पडतं. ज्या रुग्णालयाने यासाठी वेगळा वैद्यकीय समन्वयक आणि डेटा ऑपरेटर नेमलेला असतो तिथे जेआर-वन दुपारी ओटीत दिसतो. जिथे नेमलेला नसतो तिथे तो संगणकासमोर दिसतो. योजनेतल्या काही शस्त्रक्रिया फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात, त्यामुळे खासगी कॉलेजच्या लिस्टमध्ये त्या कमी दिसल्या तर दोष युनिटचा नाही.

नाशिकच्या बाजूने एक सांगतो. जिल्हा सर्जरी शिकायला चांगला आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून येणारा रुग्ण उशिरा येतो, म्हणून आजार पुढच्या टप्प्यावर दिसतो: फुटलेला अल्सर, टायफॉइड किंवा टीबीने छिद्र पडलेलं आतडं, यकृतातला गळू, वर्षानुवर्षं अंगावर काढलेला हर्निया. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून सर्पदंशाचे रुग्ण येतात. विष उतरवण्याचं काम मेडिसिनचं, पण सडलेल्या कातडीची सफाई आणि नंतरचं स्किन ग्राफ्ट तुमच्याकडे येतं. बैलाने शिंग मारून फाटलेलं पोट, कडबाकुट्टीत गेलेला हात, मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि कसारा घाटातले अपघात, मधुमेहाने काळा पडलेला पाय. तालुक्यांच्या वाटेवरचं रुग्णालय आणि शहराच्या मध्यावरचं रुग्णालय यांना यातलं वेगवेगळं मिळतं, म्हणून रुग्णालयाची जागा हाही शिक्षणाचाच भाग आहे. उलट मूत्रपिंड, हृदय, कर्करोग यांचे काही रुग्ण शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाकडे वळतात, बरेच मुंबईला जातात. त्यामुळे मोठ्या कॅन्सर शस्त्रक्रिया रोज पाहायला मिळतील अशी अपेक्षा धरून जिल्ह्यात राहू नका. ती आवड असेल तर एमएसनंतर त्याच कामाच्या केंद्रात सीनियर रेसिडेन्सी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी सर्वांत जास्त भर देईन. रात्रीची इमर्जन्सी पाहा. दिवसाची ओटी कुणीही सजवून दाखवेल. युनिटच्या इमर्जन्सी दिवशी रात्री एक वाजता पोट ताठ झालेला रुग्ण आला, उभ्याने काढलेल्या एक्स-रेत डायाफ्रामखाली हवा दिसली, पुढे काय होतं हे जेआर-टूला पायरी पायरीने विचारा. चांगल्या युनिटमध्ये जेआर-वनने तोवर दोन जाड शिरा धरलेल्या असतात, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) आणि कॅथेटर घातलेलं असतं, अँटिबायोटिक गेलेलं असतं, रक्ताचा नमुना क्रॉसमॅचला गेलेला असतो आणि लघवी तासाला किती होते याची नोंद सुरू असते. जेआर-थ्रीने एसआर (सीनियर रेसिडेंट, एमएस झालेला डॉक्टर) किंवा लेक्चररला फोन केलेला असतो, भूलतज्ज्ञ आवारातच असतो. पोट जेआर-थ्री उघडतो, समोर एसआर उभा असतो. छिद्र मोठं निघालं किंवा रुग्णाचा रक्तदाब सावरेना, तर असोसिएट प्रोफेसर अर्ध्या-पाऊण तासात येतात. शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरची खाट मिळते.

यातली कुठली कडी तुटते ते विचारत जा. नेहमी तुटणाऱ्या कड्या ठरलेल्या आहेत. भूलतज्ज्ञ एकच, आणि तो सिझेरियनमध्ये अडकलेला, म्हणून तुमचा रुग्ण पहाटेपर्यंत थांबतो. रक्तपेढी आवारात नाही, नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरात फिरतात. रात्री सीटी चालू, पण रिपोर्ट सकाळी. एबीजीचं (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) यंत्र आहे, कार्ट्रिज नाहीत. एसआरचं पद रिकामं, म्हणून जेआर-थ्रीच शेवटचा माणूस. ही शेवटची कडी तुटलेली असेल तर तिथले रेसिडेंट 'आम्हाला फार फ्री हँड आहे' असं अभिमानाने सांगतात. ते ऐकून भुलू नका. ज्याच्यामागे कुणी उभं नाही त्याचा तो फ्री हँड नसतो, ती रुग्णाच्या जिवावरची जोखीम असते. गुंतागुंत झाली की जबाबदारीही त्याच्यावरच येते. दाखल झाल्यापासून चीर देईपर्यंत गेल्या चार-पाच परफोरेशनला (जठर-आतड्याला छिद्र पडलेल्या रुग्णांना) किती तास लागले, एवढा एकच आकडा मिळाला तरी रुग्णालयाची तब्येत कळते.

हात टप्प्याटप्प्याने कसा वाढायला हवा, याचा ढोबळ क्रम मनात ठेवा म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या सहा महिन्यांत ड्रेसिंग, जखमा शिवणं, गळू फोडणं, छातीत नळी टाकणं, लोकल भुलेखाली लायपोमा आणि सिबेशियस सिस्टसारख्या त्वचेखालच्या गाठी काढणं. वर्ष संपताना हायड्रोसील, सुंता, मोठ्या शस्त्रक्रियांत पहिला असिस्टंट आणि लॅप्रोस्कोपीत कॅमेरा. कॅमेऱ्याला कमी लेखू नका, ज्याला आडवं क्षितिज सांभाळता येत नाही त्याला पुढे पोर्टही (उपकरणं पोटात घालायच्या नळ्याही) नीट टाकता येत नाही. दुसऱ्या वर्षी अपेंडिक्स, जाळी लावून इंग्वायनल हर्निया, अँप्युटेशन, पोट उघडणं आणि बंद करणं. पोट बंद करणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. जिथे ते 'आता तू बंद कर' म्हणून एकट्या जेआर-वनवर टाकून वरिष्ठ निघून जातात, तिथे बर्स्ट अब्डॉमेन (टाके उसवून उघडलेली पोटं) दिसतात. तिसऱ्या वर्षी परफोरेशनची दुरुस्ती, आतडं कापून जोडणं, मॅस्टेक्टॉमी (स्तन काढणं), आणि समोर सर वॉश होऊन उभे असताना लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं). सगळं सगळीकडे मिळत नाही. पण दुसरं वर्ष संपत आलेल्या रेसिडेंटने एकही अपेंडिक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेलं नसेल, तर त्या युनिटमध्ये मुभा नाही, हे पक्कं समजा.

हे खरं-खोटं ओळखायला ओटीचं रजिस्टर आहे. त्यात सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ असे रकाने असतात. सर्जनच्या रकान्यात कायम एकच मोठं नाव असेल तर दोन अर्थ निघतात: एक तर तेच करतात, किंवा रेसिडेंट करतो आणि नाव त्यांचं लागतं. लॉगबुक (रेसिडेंटने स्वतः केलेल्या कामाची नोंदवही) पाहिलं की उलगडा होतो. रजिस्टर बाहेरच्याला दाखवतीलच असं नाही आणि रुग्णांची नावं वाचणं तुम्हालाही शोभणार नाही. ओळखीच्या रेसिडेंटला त्याचं लॉगबुक, नावं झाकून, दाखवायला सांगा.

इथवरचं थोडक्यात: भरलेल्या खाटा भागिले रेसिडेंट, रात्रीच्या साखळीतली तुटलेली कडी, आणि दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचं लॉगबुक. बाकीच्या गोष्टी यानंतर येतात, पण त्यांनी तीन वर्षं सुसह्य किंवा असह्य होऊ शकतात, म्हणून त्याही पाहायला हव्यात.

डीएनबीबद्दल बरेच गैरसमज आहेत. चांगल्या खासगी रुग्णालयातल्या डीएनबीत आयसीयूची शिस्त, लॅप्रोस्कोपी, वेळेवर मिळणाऱ्या तपासण्या हे शिकायला मिळतं, आणि परीक्षा कडक असल्याने अभ्यासही होतो. अडचण सुरुवातीच्या छोट्या शस्त्रक्रियांची. स्वतः पैसे भरणारा रुग्ण कन्सल्टंटकडे बघून येतो, हायड्रोसीलसुद्धा तोच करतो. म्हणून डीएनबीचं रुग्णालय पाहताना विचारा, की योजनेचे किंवा जनरल वॉर्डचे रुग्ण किती, आणि त्यांच्यावर रेसिडेंटला करू देणारे कन्सल्टंट किती आहेत. दोन असले तरी चालतं. शिकवण्याच्या नोकरीचा विचार असेल तर डीएनबी कोणत्या संस्थेतून केली यावर पात्रतेचे नियम बदलतात, ते आयोगाच्या चालू नियमावलीत आधी वाचून घ्या.

थिसिसचं नियोजन पहिल्या तिमाहीत झालं नाही तर तिसरं वर्ष वाया जातं. सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा), नीतिशास्त्र समितीची मंजुरी, मग रुग्ण गोळा करणं, आणि लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी थिसिस सादर. आपल्या भागात सगळ्यात मोठा घात होतो फॉलो-अपचा. सुरगाण्याचा रुग्ण टाके काढल्यावर सहा महिन्यांनी 'कसं वाटतंय' हे सांगायला रोजगार बुडवून येणार नाही. म्हणून एक वर्षाच्या फॉलो-अपचा विषय घेऊ नका. भरती असताना किंवा तीस दिवसांत निकाल कळेल असा विषय घ्या: परफोरेशनमधला मृत्यूचा अंदाज देणारे स्कोअर, जखमेतला जंतुसंसर्ग, मधुमेही पायाचं वर्गीकरण. आणि गेल्या वर्षी तुमच्या युनिटमध्ये त्या आजाराचे किती रुग्ण आले हे रेकॉर्ड विभागात बसून मोजल्याशिवाय नमुन्याचा आकडा लिहू नका. गाइडबद्दलही विचारा. मध्येच गाइड सोडून गेले तर विद्यापीठाच्या परवानगीने बदल होतो, पण त्यात महिने जातात. ज्या विभागात प्राध्यापक वारंवार बदलतात तिथे हा धोका जास्त.

जिल्हा रेसिडेन्सीचे (जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयात सक्तीने करायच्या कामाचे) तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात करावे लागतात. बरेच जण ते सुट्टीसारखे काढतात, हे मला मनापासून खटकतं. कळवणसारख्या उपजिल्हा रुग्णालयात पोस्टिंग मिळालं तर तिथे सीटी किंवा रात्री भूलतज्ज्ञ मिळेलच असं नाही, आणि तुमच्याच हातातून रुग्ण नाशिकला पाठवला जातो. पाठवण्याआधी काय स्थिर करायचं आणि काय थांबवायचं नाही, हे तिथे जेवढं कळतं तेवढं मोठ्या रुग्णालयात कळत नाही. ओटी असलेलं ठिकाण मिळावं असा अर्ज विभागप्रमुखांमार्फत वेळेत करा.

राहणं, पैसे, तास. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावली २०२३ प्रमाणे कॉलेजने राहण्याची सोय द्यायलाच हवी, हॉस्टेलमध्येच राहण्याची सक्ती मात्र नाही. वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा, आठवड्याला एक सुट्टी, ८० टक्के हजेरी, आणि कामाचे तास व विश्रांती 'वाजवी' असाव्यात, असं त्यात आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. सर्जरीच्या वॉर्डात प्रत्यक्षात हे कुठे पाळलं जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी फरक असतो. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जेआर-वनला सोडतात का, हे विचारा. छत्तीस तास जागा असलेला माणूस औषधाचा डोस चुकवतो, सुई स्वतःच्या बोटात टोचून घेतो. सुटका मिळायला युनिटमध्ये माणसं पुरेशी लागतात, आणि वरच्यांची नियतही.

निफाडहून रोज ये-जा करण्याचा विचार असेल तर पहिल्या वर्षी तो सोडून द्या. आडगाव निफाडच्या बाजूला असल्याने सोपं वाटतं, धामणगाव तर उलट टोकाला आहे, पण अंतरापेक्षा अवेळी येणारे फोन जास्त दमवतात. पहिलं वर्ष आवारात, पुढे घरून, असं बहुतेकांना जमतं. आई-वडिलांना काही झालं तर तासाभरात पोचाल, एवढी जवळीक तिन्ही वर्षं पुरेशी आहे.

स्टायपेंडसाठी माहितीपुस्तकावर विसंबू नका. शासकीय कॉलेजइतका स्टायपेंड द्यावा असा नियम आहे. प्रत्यक्ष किती आणि किती महिन्यांनी जमा होतो हे चालू रेसिडेंटलाच विचारा, आणि जमा झाल्यावर त्यातला काही भाग परत मागतात का, हेही. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, त्याहून वेगळं काही मागितलं तर पावती मागा. शासकीय जागा घेतली तर एमएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे आणि ती टाळली तर मोठा दंड. माझ्या मते तो तोटा नाही. उपजिल्हा रुग्णालयात एकट्याने काम करायची ती उत्तम संधी असते, फक्त सुपरस्पेशालिटीचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखा.

सुरक्षेकडे लक्ष द्या, विशेषतः मुलगी असाल तर. कॅज्युअल्टीत रात्री सुरक्षारक्षक असतो का, रुग्णासोबत किती नातेवाईक आत सोडतात, ड्यूटी रूमला आतून कडी आणि स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का. डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे, पण तक्रार रुग्णालयाने करायची की मार खाल्लेल्या रेसिडेंटने, यावर संस्थेची वृत्ती कळते. आता प्रवेश घेतलात तर २०२७ चा सिंहस्थ तुमच्या रेसिडेन्सीच्या काळातच येईल. गर्दीच्या आपत्तीचा सराव, म्हणजे ट्रायाज (कुणावर आधी उपचार करायचे ते ठरवणं) आणि एकाच वेळी आलेल्या जखमींची वाटणी, ज्या रुग्णालयात खरोखर घेतला जातो तिथलं ते शिक्षण इतर शहरांत सहसा मिळत नाही.

भेट देताना दोन फेऱ्या करा. एक ओपीडीच्या दिवशी सकाळी नऊ ते एक: रांग किती, रेसिडेंट एकटा पाहतो आहे की शेजारी प्राध्यापक बसले आहेत, रुग्णाला तपासणी टेबलावर झोपवतात की उभ्या उभ्या चिठ्ठी लिहितात. दुसरी इमर्जन्सीच्या दिवशी रात्री आठनंतर. आयोगाच्या तपासणीच्या हंगामात जाऊ नका, तेव्हा सगळीकडे वॉर्ड भरलेले दिसतात. विभागप्रमुखांना भेटा, पण प्रश्न जेआर-टूला विचारा. जेआर-वन इतका थकलेला असतो की सगळंच वाईट सांगतो, जेआर-थ्रीला आता बाहेर पडायचं असतं. दोन वेगळ्या युनिटांच्या जेआर-टूंशी, कॉलेजच्या बाहेर, चहाच्या टपरीवर बोललात तर उत्तरं जास्त मोकळी मिळतील.

ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना अखिल भारतीय कोटा एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे) आणि राज्य कोटा राज्याच्या सीईटी सेलकडे, असे दोन वेगळे फॉर्म असतात. डीएनबीच्या जागाही एमसीसीकडून मिळतात. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते आणि पुढे बंदीही लागू शकते, म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव केवळ यादी लांबवायला टाकू नका. तुमच्या परिस्थितीत मी आधी असं कॉलेज ठेवेन जिथे रात्री एसआर आणि भूलतज्ज्ञ दोघेही आवारात असतात, मग रेसिडेंटमागे भरलेल्या खाटा जास्त ते. फी झेपत असेल तर खासगी-शासकीय हा भेद त्यानंतर. दोन ठिकाणं बरोबरीची वाटली तर घराजवळचं घ्या.

आणि जागा मिळाल्यावर युनिटचा प्रश्न सुटत नाही, तो तेव्हा सुरू होतो. बहुतेक ठिकाणी युनिट आणि गाइडचं वाटप रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात होतं, कुठे गुणांच्या क्रमाने, कुठे चिठ्ठ्या टाकून, कुठे विभागप्रमुखांच्या मर्जीने. पद्धत आधी माहीत करून घ्या. गुणक्रमाने असेल तर कागदपत्रं पूर्ण करून पहिल्याच दिवशी हजर व्हा, कारण उशिरा आलेल्याला उरलेलं युनिट मिळतं. मर्जीने असेल तर तुम्हाला हवं ते युनिट आणि का हवं, हे विभागप्रमुखांना भेटून नम्रपणे, पण स्पष्ट सांगा.